एकोणिसावी ओळ

वैशाली, गाझियाबाद
शनिवार, ९ फेब्रुवारी २००२

प्रिय दादा,

तुझ्या युनिटमधल्या सुधाकरने तुला तिळगुळाचा डबा आणि दोन पाकिटं दिली असतील. पांढऱ्या पाकिटात एका पानाचं इंग्रजी पत्र आहे, ते नंतर वाच. आधी हे वाच. स्वतःच्या वडिलांच्या कार्यासाठी मिळालेल्या सुट्टीवरून परतताना तो एक दिवस दिल्लीत थांबतोय असं कळलं, म्हणून हे सगळं डाकेने न पाठवता त्याच्या हाती देते आहे. घरी सगळे ठीक आहेत, आईचं ब्लडप्रेशरसुद्धा. पण तुझ्या नावाच्या बाबतीत आमच्या हातून एक गोष्ट घडली आहे, आणि ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मला सांगायची आहे. लढाई नको, बोलणी करा, असं खासदारांना सांगणारा एक अर्ज मी केला होता. त्या अर्जावर तुझं नाव, हुद्द्यासकट आणि सहीसकट, दोन दिवस एका खासदारांच्या बंगल्यात पडून होतं. सही तू केलेली नाहीस, तुला पत्तासुद्धा नव्हता. आता ते नाव तिथे नाही. पण दोन दिवस होतं. तुझ्या नोकरीचं काय होईल, तुला कुणासमोर उभं करून काय विचारतील, याचा विचार करून मी तीन आठवडे धड जेवलेली नाही.

क्रमानेच सांगते. दुसरं काही मला येत नाही. दम्यामुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही, तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबा ऑफिसला जायच्या आधी तासभर मला शिकवायचे, आणि तू दप्तर पाठीवर टाकून दारातून जीभ काढून दाखवायचास. बाकीच्या मुलांचा पहिला निबंध गाईवर असतो. माझा पहिला लेख म्हणजे गळक्या नळाबद्दल वसाहतीच्या इन्क्वायरी ऑफिसला लिहिलेला तक्रार-अर्ज. लोकसभेच्या याचिका शाखेत उभा जन्म काढलेल्या माणसाकडून दुसरं काय शिकणार? आधी काय घडलं ते लिही, मग कोणाचं काय बिघडलं, मग मागणं काय. विशेषण लिहायचं नाही. आणि सही त्याचीच, ज्याने वाचलं आहे. ही शेवटची गोष्ट ते नेहमी बोट वर करून सांगायचे. मी तेव्हा सात वर्षांची होते, आणि आईने दूधवाल्याच्या वहीत न बघता सही केली की मी तिला ओरडायचे.

तेरा डिसेंबरला, संसदेवर हल्ला झाला त्या दिवशी, तू फोन केलास तेव्हा बाबा फोनवर आले नाहीत, ते झोपलेत असं मी तुला सांगितलं होतं. ते झोपले नव्हते. टीव्हीसमोर बसले होते, पायात एकच चप्पल. ‘त्या फाटकातून मी एकतीस वर्षं पास दाखवून आत गेलो,’ एवढं एकच वाक्य ते दिवसभर अधूनमधून म्हणत होते. मेलेल्यांची नावं सांगायला लागले तेव्हा त्यांनी आवाज बंद केला आणि नुसती चित्रं बघत राहिले. मग तुमच्या हालचालीचा हुकूम निघाला, मग हवाई मार्ग बंद झाला, वकिलातीतली माणसं निम्मी झाली, आणि एक जानेवारीपासून पाकिस्तानात जाणारी गाडी आणि बसही थांबली. नोएडाच्या आमच्या ऑफिसात लंचला सगळे लढाईबद्दल ‘अब हो ही जाए’ म्हणत होते. मी कंपनीची मॅन्युअल्स तपासते, म्हणजे स्वल्पविराम मोजते. मी काय बोलणार? मी डबा खात होते.

त्या गाडीचं खरं काय ते मला परकारकाकूंनी सांगितलं. तुला त्या आठवत असतील, आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत उकडीचे मोदक त्यांच्याकडूनच यायचे. रत्नागिरीच्या, काका रेल्वे बोर्डात होते, आता आपल्यासारखेच इकडे सेक्टर पाचमध्ये राहतात. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन कराचीला गेली त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. काकूंच्या मुलीच्या लग्नाला ती यायची होती, व्हिसा मिळाला होता, गाडीचं तिकीट काढलेलं होतं. काकू मला म्हणाल्या, ‘अगं, तिने भाचीसाठी स्वतः कशिदा काढलेली ओढणी आणायची होती. आता गाडीच नाही म्हटल्यावर कोण कुठून येणार?’ आणि मग उठून माझ्यासाठी चहा टाकायला गेल्या आणि बराच वेळ आतून आल्या नाहीत. त्याच दिवशी, रविवारी, तुझा फोन आला. ‘कुठे आहेस’ असं विचारायचं नसतं हे आईला ठाऊक आहे, म्हणून तिने ‘काय करता रे दिवसभर’ विचारलं. तू म्हणालास, ‘शेतात काम चाललंय. सरसों उभी आहे.’ तू इंजिनियर्समध्ये आहेस, शेतात तुमचं कसलं काम असतं ते आम्हांला कळतं, दादा. सुरुंग पेरताना झालेल्या अपघातांच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. आई ते पान घडी घालून रद्दीत सर्वांत खाली ठेवते. मी तिला तसं करताना पाहिलं आहे.

म्हणून मी अर्ज लिहिला. तू हे वाचून रागावशील, ‘आम्ही इथे उभे आहोत आणि ही तिथे सोफ्यावर बसून शांती शांती करते’ असं म्हणशील, या भीतीने मी पहिला मसुदा दोनदा फाडला. पण मी तुझ्याविरुद्ध काही मागितलेलं नाही. मी एवढंच मागितलं होतं की गाडी आणि बस पुन्हा सोडा, वकिलातीतली माणसं परत पाठवा, बोलणं बंद करू नका, आणि बोलण्याचे सगळे रस्ते संपल्याचं सभागृहाला दाखवल्याशिवाय लढाई सुरू करू नका. मसुदा बाबांसमोर ठेवला. त्यांनी लाल पेन्सिल घेतली. ‘निष्पाप’ खोडलं, ‘भीषण’ खोडलं. मग चष्मा काढून म्हणाले, ‘त्या दिवशी फाटकावर जी माणसं मेली, ती यात कुठे आहेत?’ दादा, मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्या अर्जात ती नव्हती. मला तू आठवलास, काकूंची बहीण आठवली, आणि ती माणसं मी विसरले होते. बाबांनी स्वतः पहिला परिच्छेद त्यांच्यावर लिहिला, हिंदीत, सात ओळी, एकही विशेषण नाही. सगळं तपासून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, ‘मसुदा बरोबर आहे. सही मी करणार नाही.’ का, ते मी विचारलं नाही. अर्ज आठवडाभर जेवणाच्या टेबलावर, फळांच्या टोपलीखाली पडून होता. ही टेबलाची गोष्ट लक्षात ठेव.

तेरा जानेवारीला, रविवारी, मंडळाची बस नेहमीप्रमाणे पानिपतला निघाली. तू सतराव्या वर्षी घरातून गेलास, त्यामुळे काला अंबच्या त्या स्मारकाला तू आमच्याबरोबर तीन-चारदाच आला असशील; पण हजेरीच्या कागदावर तू दर वर्षी असतोस, हे तुला माहीत आहे का? बसमध्ये मंडळाचे जयंतकाका कागद फिरवतात. नाव, पत्ता, सही. जितक्या सह्या तितके तिळगुळाचे डबे. जे परगावी आहेत त्यांच्या नावाने घरचं कुणीतरी सही करतं, म्हणजे त्यांचा डबा चुकत नाही. तुझी सही दर वर्षी आई करते. कधीच कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलासुद्धा नाही, आणि मी दूधवाल्याच्या वहीवरून भांडणारी मुलगी. त्या दिवशी माझ्या मांडीवर पुठ्ठ्याचं पॅड होतं, त्याला माझ्या अर्जाचे सह्यांचे कागद लावलेले. जयंतकाकांचा कागद हातात फडफडत होता. ‘ए मास्तरीणबाई, तुझं पॅड दे जरा,’ म्हणाले. मी दिलं. त्यांनी आपला कागद माझ्या कागदांवर लावला आणि पॅड मागे पाठवून दिलं.

बाकी दिवस तुला माहीत आहे तसाच. ऊन नव्हतं, धुकं होतं. स्मारकापाशी फुलं वाहिली, पोवाडा झाला, भाषणात जयंतकाका नेहमीप्रमाणे गहिवरले. या वर्षी लोक जास्त जोरात ओरडत होते, ‘जय भवानी’च्या पाठोपाठ दुसऱ्याही घोषणा झाल्या, आणि काकू शालीचा पदर तोंडाशी धरून झाडाच्या बाजूला उभ्या होत्या. मी मात्र त्या वेळी वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होते. बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं की लढाईच्या आधी दोन-अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर नुसत्या बसून होत्या आणि त्या काळात तहाचे निरोप जात-येत होते. आपण दर वर्षी त्या एका दिवसासाठी इथे येतो. त्या अडीच महिन्यांबद्दल कुणी भाषण करत नाही. परतताना मुरथलला पराठे खायला थांबलो तेव्हा जयंतकाकांनी पॅड परत दिलं आणि म्हणाले, ‘घ्या बाईसाहेब. तुमचा कागदही फिरला, बऱ्याच सह्या झाल्या.’ मी पानं वरवर चाळली, तर खरंच बावीस सह्या! मला इतका आनंद झाला की मी नावं वाचलीच नाहीत. आपल्या माणसांनी, घोषणा देणाऱ्या माणसांनी, माझा अर्ज वाचून सही केली असं मला वाटलं. बाबांच्या शिकवणीतली एकच गोष्ट त्या दिवशी मी केली नाही. आनंदात होते म्हणून.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी ते सगळे कागद, ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या सह्यांसकट, एका खासदारांच्या बंगल्यावर देऊन आले. अर्ज सभागृहात मांडायचा तर एखाद्या खासदाराची त्यावर सही लागते. तिथल्या सेक्रेटरीने पोच दिली. शनिवारी सकाळी जयंतकाकांचा फोन. ‘अगं, माझ्या कागदावर तिसाव्या नावानंतर कुणीच नाही. पुढच्या सीटवाल्यांनी माझा कागद भरला, मग मागच्यांनी काय केलं? डबे कुणाकुणाला पाठवू?’ मी फोन ठेवला. मग कपाटातून सह्यांच्या कागदांची माझी झेरॉक्स काढली. मागच्या सीटवाल्यांनी पान उलटलं होतं आणि खालच्या कागदावर, माझ्या अर्जावर, हजेरी लावली होती. नाव, पत्ता, सही. मी एकेक ओळ वाचत खाली आले. एकोणिसाव्या ओळीवर आईचं ठळक, गोल अक्षर होतं: कॅप्टन चैतन्य विलास खांबेटे. पत्ता आपल्या घरचा. आणि पुढे तुझी सही, तू करतोस तशीच, शेवटच्या टोकाला वर वळलेली. मी तीनदा वाचलं. अक्षरं तीच राहिली. विसाव्या ओळीवर आईचं स्वतःचं नाव होतं. मग मी कागद बाबांसमोर धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

बाबांनी वाचलं. आत गेले आणि निवृत्तीच्या दिवशी घातलेला बंद गळ्याचा कोट घालून बाहेर आले. रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा. आयटीओजवळच्या यमुनेच्या पुलावर तासभर जाम होता. बंगल्यावर सेक्रेटरी आम्हांला बघून उठूनच उभा राहिला. ‘आइए आइए, मैडम! आपकी लिस्ट में तो कमाल का नाम है. कैप्टन साहब! सोमवार को अख़बारवालों को बुला रहे हैं. फ़ौजी खुद कह रहा है कि जंग मत करो, इससे बढ़िया क्या होगा?’ मी म्हणाले, ते नाव चुकून आलं आहे, ती त्याची सही नाही. तो हसला. ‘अब तो रिसीव हो गया जी. और ग़लती से कैसे? घर का ही लड़का है ना?’ मी रडायच्या बेतात होते. तेव्हा बाबा पुढे झाले आणि अगदी हळू आवाजात, जसे ते शाखेतल्या नव्या क्लार्कशी बोलत असतील तसे, म्हणाले, ‘जिस अर्ज़ी में एक दस्तख़त ग़लत हो, वह पूरी अर्ज़ी गिरती है. आपके साहब का नाम उसके नीचे होगा. मैंने यह काम इकतीस साल किया है. काग़ज़ दीजिए, मैं लिखकर देता हूँ.’ आणि तिथेच, भेटीला आलेल्या लोकांच्या बाकावर बसून, त्यांनी अर्ज मागे घेत असल्याचं लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं: एकोणिसाव्या ओळीतली सही माझ्या पत्नीने मंडळाच्या हजेरीचा कागद समजून अनवधानाने केली. ‘अनवधानाने’च्या आधी त्यांचं पेन जरा थांबलं. मला वाटलं, शब्द सुचत नसेल. सेक्रेटरीने तोंड वाकडं करून गठ्ठा परत दिला. त्याची झेरॉक्स त्यांनी काढून ठेवली आहे की नाही, ते मला माहीत नाही. मी विचारलं, तेव्हा तो ‘देख लेंगे’ म्हणाला. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

परतताना बाबा म्हणाले, ‘आता उरलेल्या एकवीस जणांकडे जाऊन वाचून दाखव. नाहीतर तो अर्ज नाही.’ म्हणून गेले तीन आठवडे मी ऑफिस सुटलं की घरोघर फिरते आहे. गुडगावला मंडळातल्या अथर्व आणि शिवांगीकडे गेले, नवी सोसायटी, लिफ्टमध्ये अजून प्लास्टिक. अथर्व म्हणाला, ‘यार रेवती, एकदा आर या पार होऊनच जाऊ दे ना. रोजची कटकट.’ शिवांगी त्याला म्हणाली, ‘तू जातोस का? तुझा तर जिमला जायला पाय निघत नाही.’ त्याने नाव खोडलं, तिने ठेवलं, आणि मी निघाले तेव्हा दोघं भांडत होती. जयंतकाकांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘मी पानिपतावर भाषण करणारा माणूस, मी यावर सही केली तर लोक हसतील.’ मग माझं पेन मागून म्हणाले, ‘हसू देत,’ आणि केली. ज्याने पॅड फिरवलं त्याची सही आधी नव्हतीच! पण मला सर्वांत जास्त धक्का परकारकाकूंनी दिला. त्यांना मी वाचून दाखवलं, त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि म्हणाल्या, ‘माझं नाव खोड, बाळा.’ मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्यांच्यामुळे मी लिहायला बसले त्याच! म्हणाल्या, ‘माझं नाव वाचलं की लोक म्हणतील, हिचं काय, हिची माणसं तिकडेच आहेत. तुझ्या कागदाचं वजन कमी होईल. तुमची नावं राहू दे.’ मी खोडलं, त्यांच्यासमोर. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर घरं दाखवायला येऊ लागल्या. सही करत नाहीत, पण जिना चढताना दम लागला की माझा इनहेलर त्यांच्याच पर्समध्ये असतो.

एकवीसपैकी बारा नावं अर्जावर कायम राहिली. त्यांतलं शेवटचं नाव आईचं होतं. मी तिला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिला आधीच इतकं वाईट वाटत असणार असं मी धरून चालले होते. परवा ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर पाट घेतला आणि वाचायला सुरुवात केली. ती म्हणाली, ‘नको वाचूस. पाठ आहे मला.’ आणि मेथीची पानं खुडता खुडता तिने शेवटचा परिच्छेद म्हणून दाखवला, ‘अतः प्रार्थीगण निवेदन करते हैं’पासून शेवटपर्यंत, आपण लहानपणी पाढे म्हणायचो तसा. मी म्हणाले, आई, तू हे कधी वाचलंस? ‘आठवडाभर टेबलावर होतं ना. टोपली उचलायची, पुसायचं, वाचायचं, परत ठेवायचं.’ म्हणजे बसमध्ये तुला ठाऊक होतं हा कुठला कागद आहे ते? तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘मी काय झोपेत होते? जयंतरावांचा कागद भरला होता, मी पान उलटलं, तर हे आलं. वाचूनच केली सही. त्याची आधी, मग माझी.’

दादा, मी हे जसंच्या तसं लिहिते आहे, कारण माझा स्वतःचाच अजून विश्वास बसत नाही. आपली आई, जी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हातसुद्धा वर करत नाही. मी जवळजवळ ओरडलेच. तुला कळतं का त्याचं काय झालं असतं! त्याला विचारायचं तरी! ती म्हणाली, ‘विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. त्याला तसंच म्हणावं लागतं. म्हणून विचारलं नाही.’ मग तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. ‘एन.डी.ए.चा फॉर्म आठवतो तुला? नाही आठवणार, तू लहान होतीस. पालकाची सही हवी होती. तुझे बाबा कमिटीबरोबर दौऱ्यावर, आणि शेवटची तारीख. मी केली सही. सतरा वर्षांचा होता. तेव्हा मला कुणी नाही विचारलं, बाई, वाचून केलीस का, तुझा अधिकार आहे का. त्याला पाठवायला माझी सही चालली. मग परत बोलवायला का नाही चालत?’ मी एवढंच म्हणाले की तो आता मोठा आहे, त्याची सही त्याची. ‘ते कळतं मला,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर गप्प राहिले, काढू दिली.’ आणि मग माझ्या हातून पेन घेऊन तिने स्वतःच्या नावापुढे पुन्हा एकदा सही केली, मेथीचा हिरवा डाग पडला आहे कागदावर, तो मी तसाच ठेवणार आहे.

मी बाबांकडे गेले. ते बाल्कनीत समोरच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरकडे बघत बसले होते. मी म्हणाले, बाबा, तुम्ही बंगल्यावर ‘अनवधानाने’ लिहिलंत, ते खरं नाही. बाबा म्हणाले, ‘तुझ्या आईने पस्तीस वर्षांत अनवधानाने दुधाला विरजणसुद्धा लावलेलं नाही.’ म्हणजे तुम्हांला माहीत होतं? ‘अक्षर बघितलं की कळतं. घाईत केलेली सही अशी नसते.’ मग तुम्ही खोटं लिहिलंत, मी म्हणाले. माझा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. त्यांनी टॉवरवरची नजर काढली नाही. ‘मसुद्याला लागला तो शब्द लिहिला,’ म्हणाले. ज्या माणसाने मला नळाच्या अर्जात ‘थोडं’ आणि ‘बरंच’मधला फरक शिकवला, त्या माणसाने. त्यांनी अर्जावर अजूनही सही केलेली नाही. आता मी विचारणारही नाही.

आता मागणं. बाबांच्या पद्धतीप्रमाणे ते शेवटी येतं. अर्ज अधिवेशनाच्या आधी पुन्हा जाईल, दुसऱ्या खासदारांकडे, त्यात तू नाहीस. पण ती झेरॉक्स कुठे असेल आणि उद्या कोण ती कुठे छापेल सांगता येत नाही, म्हणून पांढऱ्या पाकिटातलं इंग्रजी पत्र तुझ्याजवळ जपून ठेव. तुझ्या साहेबांनी विचारलं तर ते दाखव. त्यात लिहिलं आहे की तुला काहीच माहीत नव्हतं, कागद माझा होता, पॅड मी दिलं, तपासलं मी नाही, आणि आईकडून सही अनवधानाने झाली. खाली माझी सही आहे. वाचून, समजून केलेली, आणि त्यातला एक शब्द खोटा आहे हे माहीत असताना केलेली. माझ्या आयुष्यातली पहिलीच तशी. त्या एका पानावर काम भागलं असतं, पण मग तुला आयुष्यभर वाटलं असतं की आईने तुझं नाव तिळगुळासाठी लिहिलं. ते तुला तसं वाटू नये, एवढ्यासाठी हे दुसरं पत्र. तिने जे केलं ते चूक होतं, आणि तिने ते डोळे उघडे ठेवून केलं, तुझ्यासाठी. ती मला सारखी म्हणते आहे की चैतन्यला यातलं काही कळू देऊ नकोस, आणि संध्याकाळी फोन वाजला की पहिली धावते, आणि तुझा नसला की पदराने रिसीव्हर पुसून ठेवते. तू तिच्यावर रागावला आहेस की नाही ते मला लिहू नकोस, फोनवरही काही बोलू नकोस. पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा मी मुद्दाम उचलणार नाही, तीच उचलेल. तिला एवढंच सांग, ‘माझ्या नावाचा तिळगूळ पोचला, आणि मी तो खाल्ला.’

तुझीच, आणि हे वाचून झालं असेल तर आता फाड,
रेवती